सहा आठवड्यांची उमेदवारी

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र चार ओळींचे, पण त्या चार ओळींनी आम्हांला आठवडाभर स्वस्थ बसू दिले नाही. त्या लिहितात, "मुलगा पॉलिटेक्निकला आहे. कॉलेज म्हणते, सुट्टीत कंपनीत ट्रेनिंगला जा. पैसे मिळणार नाहीत, उलट गाडीभाडे जाईल. पाठवू की गोदामात कामाला लावू? गोदामात गेला तर वह्या-पुस्तकांचा आणि परीक्षा फीचा खर्च निघतो."

'पाठवा' असे एका शब्दात उत्तर देणे सोपे होते. आमची लेखणी तसल्या उत्तरांना सरावलेलीही आहे. पण हाच प्रश्न २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या बहिणीच्या घरी उभा राहिला होता, आणि त्या वेळी आम्ही जे शहाणपण पाजळले त्याची आजही थोडी लाज वाटते. म्हणून सल्ल्याऐवजी ती हकीकतच लिहितो. भगिनींनी वाचावी आणि काय ते ठरवावे.

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे आमच्या धाकट्या बहिणीचे सासर. तानसा नदीच्या काठाला गरम पाण्याची कुंडे आहेत, म्हणून मुंबई-ठाण्याची मंडळी अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी अशी फेरी मारतात आणि अंघोळ करून संध्याकाळी परत जातात. त्या मंडळींच्या चादरी धुणे आणि खोल्या झाडणे हे आमच्या बहिणीचे काम. भावोजी भिवंडीला लूमवर आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, पाळी बारा तासांची. त्यांची थोरली मुलगी इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला होती आणि नुकतीच चौथ्या सत्राची परीक्षा देऊन घरी आली होती. "मामा, लिहा, पण माझं नाव घालू नका," असे तिने बजावले आहे. तेव्हा ती भाची एवढेच इथे पुरे.

डिप्लोमाच्या शिक्षणाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ साली जो अभ्यासक्रम लागू केला त्यात चौथे सत्र संपल्यावर उन्हाळ्यात सहा आठवडे कुठल्यातरी कारखान्यात किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणे सक्तीचे केले. त्याची रोज डायरी लिहायची, शेवटी अहवाल द्यायचा, कारखान्याचे प्रमाणपत्र जोडायचे आणि पाचव्या सत्रात त्याचे गुण मिळायचे. हेतू चांगलाच होता. पुस्तकात मोटारीचे चित्र काढून पास झालेला मुलगा प्रत्यक्ष मोटारीचे झाकण उघडायला घाबरतो, हे सगळ्यांना ठाऊक होते.

पण हेतू कागदावर राहतो आणि पोराला दार ठोठवावे लागते. ज्याचा काका कंपनीत मॅनेजर आहे त्याला जागा आयती मिळते. ज्याचा नाही तो कॉलेजचे पत्र घेऊन वॉचमनच्या खोलीपर्यंत जातो आणि परत येतो. तिसरा एक रस्ताही आहे, आणि तो आमच्या भाचीला वर्गातल्या मुलांनीच दाखवला. ओळखीच्या दुकानदाराकडून किंवा पैसे मोजून सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र आणायचे, डायरी एका रात्रीत लिहून काढायची आणि सहा आठवडे कुठेतरी कमाई करायची. वर्गातली बरीच मुले त्याच वाटेने गेली, असे ती सांगते. त्यांना आम्ही फार दोष देत नाही. त्यांतल्या काहींच्या घरी त्या कमाईवर चूल पेटत होती.

बहिणीचेही म्हणणे तेच होते. भिवंडीच्या भोवताली आता मोठमोठी गोदामे झाली आहेत. तिथे माल भरायला, चिकटपट्टी लावायला मुली लागतात. आदल्या वर्षी भाचीने तिथे काम केले होते. दिवसाला चारशे रुपये सुटत. बहीण म्हणाली, "कागद कुठूनही मिळतोय ना? मग पोरगी फुकट कशाला राबायची? राबायचं तर दाम घेऊन राबावं."

तिला उत्तर म्हणून आम्ही इतिहास सांगितला. आम्हांला तेवढेच येते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही कसा लावणार, ही इतर कामगारांची तक्रार. विणकामात पैसे जास्त, म्हणून विटाळही तिथेच जास्त कडक! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पुढे २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यातही हाच धागा आहे. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आमच्या मुलांचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्राचे उच्च शिक्षण हवे आणि त्याचा खर्च आम्हांला झेपणारा नाही, असे त्यांनी मांडले. त्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाखांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. शिष्यवृत्तीची मागणी आपल्याला माहीत असते. पण त्याच निवेदनात त्यांनी सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे अशीही मागणी केली आहे, ती मात्र आपल्या भाषणांत क्वचित येते. पुस्तकाचे दार आणि वर्कशॉपचे दार त्यांनी एकाच कागदात मागितले होते.

हे सगळे आम्ही बरेच रंगवून सांगितले. भावोजी रात्रपाळीहून आले होते, ते ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपले. बहीण तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दादा, बाबासाहेबांचं सगळं खरं. पण एसटीचं भाडं कोण देणार?"

भाडे आम्ही देऊ म्हणालो. हिशेब सांगून ठेवतो, कारण पत्र लिहिणाऱ्या भगिनींना तोच हवा असेल. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला बायकांना अर्धे तिकीट आहे, ते फार उपयोगी पडले. एसटी आणि पुढे शेअर रिक्षा मिळून जाऊन-येऊन रोजचे ८० रुपये. ३६ दिवसांचे २,८८० रुपये. डबा घरचा. गोदामाचे बुडालेले पैसे वेगळे, ते पाचपट होतात. हे पैसे बुडाले हे खरेच आहे, त्यावर कुठल्याही भाषणाने पांघरूण घालता येत नाही.

जागा मिळायला दहा-बारा दिवस गेले. शेवटी भिवंडीच्या बाहेर ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपने हो म्हटले. नाव देत नाही, कारण पुढे यायचे आहे. ट्रान्सफॉर्मर म्हणजे आपण गावात ज्याला 'डीपी' म्हणतो त्यातली तेलाने भरलेली टाकी. सरकारी कागदात त्याला रोहित्र म्हणतात. तारेतून येणारे ११ हजार किंवा २२ हजार व्होल्ट आत घेऊन ते ४३३ व्होल्ट करून बाहेर सोडते, मग त्यावर लूम चालतात आणि आपल्या घरात दिवे लागतात. लूमच्या गावात ते बंद पडले की किती घरांचा पगार बुडतो, हे वेगळे सांगायला नको.

पहिला आठवडा भाचीने ऑफिसात काढला. "मुलीचं काम नाही ते, तेलाने कपडे खराब होतील," असे म्हणून साहेबांनी तिला जुनी बिले नीट लावायला बसवले. झेरॉक्स काढणे, चहा आला की कप मोजणे. एकदा तर गाडीचा ड्रायव्हर आला नाही म्हणून साहेबांच्या मुलाला शाळेतून आणायला पाठवले. तिने डायरीत काय लिहायचे? तिने खरेच लिहिले : "आज बिले लावली." शनिवारी बहिणीने आम्हांला फोन केला आणि फक्त एवढे म्हणाली, "दादा, चहा द्यायचं ट्रेनिंग चालू आहे."

दुसऱ्या आठवड्यात मात्र पोरीने स्वतःच वाट काढली. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन आत शेडमध्ये जाऊन बसू लागली. तिथे वाइंडिंग करणारे एक वयस्क मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, हात मात्र चाळीस वर्षांचा. जळालेली कॉइल ते उलटी सोडवत होते आणि तोंडाने वेढे मोजत होते. जुन्या कॉइलला जितके वेढे तितकेच नवीला लागतात. मोजणी चुकली तर सगळी मेहनत वाया. जेवताना कोणी हाक मारली आणि त्यांची मोजणी तुटली. ते चिडले. तेव्हा भाची म्हणाली, "चाचा, तीनशे बारा झाले होते." ती लांबून मनातल्या मनात मोजत होती. त्या दिवसापासून दुपारनंतर तिला आत बोलावणे येऊ लागले. साहेबांनीही मग हरकत घेतली नाही. बिले तशीही लावून झाली होती.

ती आत काय शिकली ते आम्ही तिच्याकडूनच ऐकले आहे. आम्ही स्वतः नगरपालिकेत कारकुनी करून निवृत्त झालो. स्क्रू सरळ पिळायचा की उलटा हेही आम्हांला विचारावे लागते. तरीपण तिने ज्या रीतीने सांगितले ते आम्हांला कळले, म्हणजे ती शिकली असणार. मध्ये पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा गाभा. त्यावर आधी कमी दाबाची कॉइल, तिच्याबाहेर जास्त दाबाची. दोन्हींच्या मध्ये आणि प्रत्येक थरात कागद. एवढ्या विजेला अडवणारा कागद! आम्हांला ते खरे वाटेना. ती म्हणाली, "कागद कोरडा असेल तर अडवतो, मामा. ओला झाला की संपलं." म्हणून कॉइल भट्टीत घालून तापवतात, मग टाकीत बसवून वरून तेल भरतात. तेल दोन कामे करते, आतली उष्णता बाहेर आणते आणि विजेला आवर घालते. टाकीच्या वर एक बरणी असते, तिच्यात निळे खडे. टाकीत शिरणारी हवा त्या खड्यांतून कोरडी होऊन जाते. खडे गुलाबी झाले की समजायचे, त्यांनी पाणी धरले. अकलोलीच्या घरासमोरच्या डीपीकडे ती आता येता-जाता मान वर करून बघते, आणि तिचे पाहून तिची आईही बघते.

भावोजींना या सगळ्यात एकच गोष्ट भावली. लूमच्या धंद्यातही कांड्या भरण्याच्या कामाला वाइंडिंगच म्हणतात. ते तिला म्हणाले, "म्हणजे तूपण वाइंडिंगलाच लागलीस की." घरात बरेच दिवस ती थट्टा चालली होती.

आता ज्यासाठी ही हकीकत लिहायला घेतली ते सांगतो.

हे ट्रेनिंग उन्हाळी म्हणायचे, पण मे अखेरीस सुरू झालेले सहा आठवडे अर्धे पावसातच जातात. त्या वर्षी ९ जूनला मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला आणि पुढे सगळीकडे ओल. चौथ्या आठवड्यात एका सायझिंगच्या कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होऊन तयार झाला. पाठवण्याआधी तेलाची परीक्षा करायची असते. एका भांड्यात तेल घ्यायचे, त्यात अडीच मिलिमीटर अंतरावर दोन धातूचे गोळे असतात. तेलातले बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबायचे, मग हळूहळू दाब वाढवायचा. कुठल्यातरी आकड्याला गोळ्यांमध्ये ठिणगी उडते, तो आकडा लिहायचा. असे सहा वेळा करून सरासरी काढायची. चालू ट्रान्सफॉर्मरच्या तेलालाही निदान ३० किलोव्होल्टची ताकद लागते. नुकते गाळून भरलेल्या तेलाचा आकडा त्याच्या बराच वर यायला हवा.

शनिवारी दुपारी ही परीक्षा भाचीने केली. आकडे आले १८, २२, १९, २४, २१, १६. सरासरी २०.

तिने साहेबांना जाऊन सांगितले. ते फोनवर होते. सायझिंगवाल्याचाच फोन होता, त्याचे काम चार दिवस बंद होते, सोमवारी सकाळी ट्रक यायचा होता. त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितले, "बेचाळीस लिही." तिला वाटले आपण चुकीचे ऐकले. पुन्हा विचारले. "बेचाळीस. आणि जा घरी, पाऊस वाढतोय."

तिने ४२ लिहिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, विहारातल्या एका कार्यक्रमासाठी आम्ही अकलोलीला गेलो होतो. दुपारी तिने हे सांगितले. सांगताना ती आमच्याकडे बघत नव्हती. वाचकहो, आम्ही तिला काय सांगितले असेल? आम्ही म्हणालो, "हे बघ, तू तिथे सहा आठवड्यांची पाहुणी. सही त्यांची, जबाबदारी त्यांची. तू सांगितलंस, तुझं काम झालं. आता दोन आठवडे राहिले, गपचूप प्रमाणपत्र घे आणि बाहेर पड." चांगली पस्तीस वर्षे आम्ही याच मंत्रावर नोकरी केली आहे. वरून आकडा आला की तो रजिस्टरला चढवायचा. कारकुनाला दुसरे काय असते? १९२८ आणि १९४२ चा इतिहास सांगणारे तोंड तेच, आणि हा सल्ला देणारे तोंडही तेच.

भावोजी जागे झाले होते. त्यांनी एवढेच विचारले, "कुठल्या कारखान्याला बसणार आहे ते?" तिने सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथं ट्रान्सफॉर्मरच्या बाजूलाच पोरं जेवायला बसतात. आडोसा आहे ना तिथं." आणि चूळ भरायला उठून गेले. आमच्या सल्ल्याबद्दल ते बरे-वाईट काहीच बोलले नाहीत. आम्ही त्यांचे मेहुणे, मान ठेवला असेल.

ओल्या तेलाने काय होते ते भाचीने मग आम्हांला सांगितले. वीज जिथे अडायची तिथे अडत नाही, आत ठिणगी पडते, तेलाचा वायू होतो, टाकी फुगते. कधी नुसताच ट्रान्सफॉर्मर जळतो आणि पुन्हा दुरुस्तीला येतो. कधी टाकी फुटून पेटते तेल बाहेर उडते. असे होईलच असे नाही. पण होऊ नये म्हणूनच ती परीक्षा आहे.

सोमवारी ती नेहमीच्या गाडीच्या आधीची गाडी धरून गेली. साहेब यायचे होते. चाचा आले होते. तिने चाचांना सहा आकडे म्हणून दाखवले. चाचांनी तेलात बोट बुडवून पाहिले, जणू बोटाला कळते, आणि विचारले, "कौन से ड्रम का?" मग दोघे मागे अंगणात गेले. तेलाचे ड्रम उघड्यावर उभे होते आणि प्रत्येकाच्या झाकणावर पावसाचे पाणी साचलेले. ड्रम दिवसा तापतो, रात्री गार होतो. गार होताना आत ओढ बसते आणि बुचाच्या फटीतून झाकणावरचे पाणी थेंब थेंब आत जाते. म्हणून तेलाचा ड्रम आडवा ठेवायचा असतो, नाहीतर शेडखाली तरी. चाचांना हे माहीत होते. त्यांनी पाऊस सुरू झाला तेव्हाच हमालांना सांगितले होते. हमालांनी साहेबांना विचारले होते. साहेब म्हणाले होते, नंतर बघू. हे असे असते! कोणाला काही ठाऊक नव्हते असे झालेच नाही.

ट्रक आला तेव्हा चाचांनी टाकीला तेल गाळण्याचे यंत्र जोडून ठेवले होते आणि ट्रान्सफॉर्मर आज जाणार नाही असे ड्रायव्हरला परस्पर सांगून टाकले. साहेब आले आणि जो आरडाओरडा झाला तो लिहिण्यासारखा नाही. चाचांना ते फार बोलले नाहीत. चाचा गेले तर कॉइल कोण भरणार? सगळा राग पोरीवर निघाला. "तुला इथे शिकायला ठेवली, शिकवायला नाही." तिचे म्हणणे असे की तोपर्यंत तिचे पाय कापत होते, पण हे वाक्य ऐकल्यावर थांबले. तिने रजिस्टर घेतले, ४२ वर एक आडवी रेघ मारली, खाली सहाही आकडे लिहिले, तारीख घातली आणि सही केली. साहेब म्हणाले, "तू कोण सही करणारी?" त्याला तिच्याकडे उत्तर नव्हते, आणि खरेच, कायद्याने ती तिथे कोणीच नव्हती.

दिवसभर आणि रात्रभर गरम तेल टाकीतून फिरवत ठेवले, कारण नुसते तेल कोरडे करून भागत नाही, आतल्या कागदाने धरलेली ओलही निघावी लागते. मंगळवारी परीक्षा केली, सरासरी ५४ आली. बुधवारी ट्रक गेला. सायझिंगवाल्याचे दोन दिवस आणखी बुडाले. त्या दोन दिवसांत तिथल्या कामगारांचा रोज बुडाला असणार, तेही भाचीने स्वतःच बोलून दाखवले.

प्रमाणपत्र मिळाले. तीन फेऱ्या घालाव्या लागल्या आणि शेऱ्याच्या जागी 'समाधानकारक' एवढाच शब्द आला. वर्गातल्या ज्या मुलांनी वर्कशॉपचे दारही पाहिले नव्हते त्यांच्या प्रमाणपत्रांवर 'उत्कृष्ट' होते. ते शब्द त्यांनीच लिहून नेले होते. कॉलेजात तिला गुण त्यांच्यापेक्षा कमी पडले. हे भगिनींना आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता, ती तिथे कायद्याने कोणीच नव्हती असे वर म्हटले, त्याबद्दल थोडे. शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्या देशात १९६१ चा कायदा आहे, आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि डिप्लोमावाले इंजिनिअरही घेतले. त्याच दुरुस्तीने कलम ३अ आले, ज्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी उमेदवारीच्या जागा राखून ठेवायच्या आहेत. बौद्धांना केंद्राने १९९० साली अनुसूचित जातींत धरले, तेव्हा आपल्या मुलांनी जातीचा दाखला काढून ठेवावा. या कायद्याखालच्या उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ च्या दुरुस्तीने डिप्लोमाला किमान आठ हजार आणि पदवीला किमान नऊ हजार ठरले. त्या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते, म्हणजे कारखानदारालाही ओझे निम्मेच. कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद कलम १६ मध्ये आहे. मात्र उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन कायद्यात नाही, हे लक्षात ठेवावे. पश्चिम विभागाचे हे काम पाहणारे मंडळ मुंबईत शीवला आहे.

परंतु हे सारे शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचे. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षणाची योजना आणली, तिच्यात डिप्लोमा झालेल्यांना महिना आठ हजार. केंद्राने इंटर्नशिपची योजना आणली, तिच्यात महिना पाच हजार. दोन्ही योजना शिकत असलेल्या मुलांसाठी नाहीत. उन्हाळ्यात सक्तीने पाठवलेला विद्यार्थी या सगळ्यांच्या मधल्या फटीत उभा आहे. त्याला विद्यावेतन नाही. गाडीभाडेसुद्धा नाही. सक्ती करायची आणि एसटीच्या तिकिटाचीही सोय करायची नाही, याला काय म्हणावे? ज्याच्या घरी पैसे आहेत तो शिकून येतो, ज्याच्या घरी नाहीत तो शिक्का घेऊन येतो, आणि पुढे दोघांच्या हातातला कागद सारखाच दिसतो. मुलाखतीला मात्र सारखा राहत नाही. निदान मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला या प्रशिक्षणाचा प्रवासखर्च जोडावा, एवढी मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी लावून धरायला हरकत नाही.

भाची २०२५ च्या उन्हाळ्यात डिप्लोमा पास झाली. पहिल्या दोन मुलाखतींत तिला घेतले नाही. तिसऱ्या ठिकाणी एक वर्षाची उमेदवारी मिळाली, याच १९६१ च्या कायद्याखाली. तिथे तिला तेलाच्या ड्रमाबद्दल कोणी विचारले नाही, टक्के तेवढे विचारले. आम्ही तिला म्हटले, सांगायचे होतेस. ती म्हणाली, "मामा, त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं." पहिल्या विद्यावेतनातून तिने आमचे २,८८० रुपये आणून दिले. आम्ही नको म्हटले, तर बहीण म्हणाली, "घे दादा, तिने वहीत लिहून ठेवलेत." घेतले.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या मुलासाठी तिने काही गोष्टी सांगितल्या आहेत त्या जशाच्या तशा देतो. अंगाबरोबर बसणारे सुती कपडे घालावेत. मुलींनी ओढणी बांधून घ्यावी, बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण वाइंडिंगचे मशीन कापड ओढते. कुठल्याही तारेला हात लावण्याआधी ती अर्थिंगला जोडली आहे का हे विचारावे, दहा वेळा विचारावे लागले तरी. स्वतःची एक वही ठेवावी. त्यात स्वतः पाहिलेले आकडे लिहावेत, कारखान्याच्या रजिस्टरात काहीही असो. पहिला आठवडा चहा-झेरॉक्समध्ये गेला तर लगेच घरी बसू नये, डबा घेऊन शेडमध्ये जाऊन बसावे.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या भागातल्या मुला-मुलींसाठी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता ती अकलोलीच्या घरी बसणार आहे. कॉलेजचे पत्र कसे लिहून घ्यायचे, कुठे कुठे विचारायचे, हे ती सांगेल. ज्या बारा दारांवर ती गेली त्यांची यादी तिने जपून ठेवली आहे. येताना मार्कशीटची झेरॉक्स आणि एक कोरी वही आणावी. चहा आमच्या बहिणीकडे. भिवंडीहून येणाऱ्यांना थेट गाडी मिळाली नाही तर अंबाडी नाक्यावर उतरून दुसरी धरावी लागते.